छातीची सोनोग्राफी

“काय दिसायलंय मॅडम? पोरगं हाय का पोरगी?”

ऑक्सिजनच्या मास्कमधून आलेला आवाज, त्यामुळे आधी मला नीट कळलंच नाही. साठी ओलांडलेली बाई, ऊसतोडीच्या फडावरून टेम्पोत घालून आणलेली. पाच दिवसांचा ताप, खोकला, उजव्या बरगडीत चमक, आणि बोटाच्या क्लिपवर ऑक्सिजनचा आकडा कधी ८५ तर कधी ८७. एक पोतं, एक गोधडी आणि ती. सुनेनं तिला खांद्याशी धरून बसवलं होतं आणि मी पाठीला जेल लावून फासळ्यांमधून सोनोग्राफीचा प्रोब फिरवत होते. तिनं मान वळवून मशीनकडे पाहिलं आणि हे विचारलं. स्वतःच्याच बोलण्यावर हसली, हसता हसता खोकल्याची उबळ आली. सिस्टर हसल्या, वॉर्डातले मामा हसले, मलाही हसू आलं. सून हसली नाही. तिच्या दोन मुली दाराशी, थंडीनं एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि सासूचा खांदा पुन्हा नीट धरला. सासूला अँटिबायोटिक सुरू झालं, आकडा हळूहळू नव्वदीवर आला, पहाटे बाईनं चहा मागितला. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न राहिला, आणि त्याहून जास्त ते न हसणं.

आमच्या बीड जिल्ह्यात या मशीनकडे कुणी नुसतं मशीन म्हणून पाहत नाही. २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली किती, तर राज्यात ८९४ आणि आमच्याकडे ८०७. हा आकडा दुष्काळासारखा आभाळातून आलेला नाही. बंद दाराआड, अशाच जेलच्या बाटल्या आणि अशाच प्रोबनी तो तयार केला. आता गावोगाव पारावर तिशी उलटलेली पोरं बसलेली दिसतात, लग्न जमत नाही म्हणतात. त्यांच्या आयांना कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. तेव्हा त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. त्या बाईच्या विनोदात हे सगळं होतं का? माहीत नाही. म्हातारी माणसं मरणाच्या दारातही काहीबाही बोलतात. पण तिला मशीन बघून दुसरं काही सुचलं नाही, एवढं खरं.

मी घरातली तिसरी मुलगी. माझ्या वेळी आमच्या तालुक्यात हे मशीन आलेलं नव्हतं.

आयसीयूसाठी मशीन घ्यायचं ठरवलं तेव्हा घरच्यांसकट सगळ्यांनी विचारलं होतं, कशाला डोक्याला ताप? मशीन फुफ्फुसावर फिरवा नाहीतर हृदयावर, नोंदणी गर्भलिंगनिदानबंदीच्या त्याच कायद्याखाली. कोण वापरणार, कोणत्या खोलीत राहणार, प्रोब किती, सगळं कागदावर. शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाच्या पायऱ्या मी इतक्या चढले की तिथला शिपाई मला चहा विचारायला लागला. पाहणीला आलेल्या पथकानं फलक कुठे आहे म्हणून विचारलं आणि मी तो आयसीयूच्या भिंतीवर लावला: “येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.” त्या फलकाखाली माझे पेशंट झोपतात. फवारणीचं औषध प्यायलेला शेतकरी, नाग चावलेला गडी, दम्याचे आजोबा. चुलीच्या धुरानं फुफ्फुसं निकामी झालेल्या, आयुष्यात कधी विडीला हात न लावलेल्या आज्या. एक आजोबा मशीनखाली पडल्या पडल्या तो फलक मोठ्यानं वाचत आणि म्हणत, “बरं झालं बाप्पा, सांगितलंत ते.”

मी शिकत होते तेव्हा सोनोग्राफीत फुफ्फुसाला जागाच नव्हती. कारण साधं आहे. ध्वनिलहर मांसातून सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगानं जाते आणि हवेशी गाठ पडली की जवळजवळ सगळीच माघारी फिरते. फुफ्फुस म्हणजे तर हवाच. म्हणून पोट बघणारा प्रोब छातीकडे सरकला की आम्ही हात उचलायचो. पुढे नुसती धूळ. पॅरिसजवळ आयसीयूत काम करणारे डॅनियल लिख्टेनश्टाइन मात्र त्या धुळीकडे वर्षानुवर्षं बघत बसले. पडद्यावर जे दिसतं ते फुफ्फुसाचं चित्र नाही, लहरींचा फसवेपणा आहे, हे त्यांनाही माहीत होतं. पण प्रत्येक आजारात फसवण्याची तऱ्हा वेगळी आहे, हे त्यांनी ओळखलं. २००८ साली त्यांनी धाप लागून आयसीयूत आलेल्या २६० पेशंटांचा अभ्यास छापला, त्यात नुसत्या सोनोग्राफीवरून बांधलेला अंदाज शेवटच्या निदानाशी ९०.५ टक्के जुळला होता. त्या पद्धतीला ब्लू प्रोटोकॉल म्हणतात. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा विश्वास बसला नव्हता. आता रात्री दोन वाजता एक्स-रेवाल्याला उठवण्याआधी हात आपोआप प्रोबकडे जातो.

दिसतं काय? दोन फासळ्या, त्यांच्या काळ्या सावल्या, आणि मध्ये जरा खाली फुफ्फुसाच्या आवरणाची एक पांढरी रेघ. श्वासाबरोबर ती चमचमत सरकते, मुंग्यांची रांग चालल्यासारखी. सरकत नसेल तर मी सावध होते. आवरणात हवा शिरलेली असू शकते. त्या रेघेखाली ठरावीक अंतरानं आडव्या रेघा दिसतात, त्या ए लाइन. त्या छातीत कुठेच नसतात. कातडी आणि आवरण यांच्यामध्ये लहर पुन्हा पुन्हा आपटते आणि मशीनला एकाच रेघेच्या अनेक रेघा दिसतात. त्या दिसल्या की आत हवा आहे असं समजायचं. फुफ्फुसात सूज आली, पाणी झिरपलं की आडव्या रेघा पुसून उभ्या उतरायला लागतात, आवरणापासून थेट पडद्याच्या तळापर्यंत. या बी लाइन. दोन फासळ्यांच्या एका फटीत तीन किंवा त्याहून जास्त दिसल्या तर काहीतरी बिघडलंय. आणि न्यूमोनियानं हवेची जागा पूर्ण घेतली की तिथलं फुफ्फुस चक्क यकृतासारखं भरीव दिसायला लागतं, त्यात श्वासनलिकांतली उरलीसुरली हवा पांढऱ्या ठिपक्यांनी चमकते. त्या म्हाताऱ्या बाईच्या उजव्या बाजूला मागे, अगदी खाली, हेच होतं. ठिपके श्वासाबरोबर पुढेमागे होत होते. म्हणजे नलिका बंद पडलेली नव्हती. फुफ्फुस नुसतं मिटलेलं नव्हतं, न्यूमोनियाच होता. डाव्या बाजूला ए लाइन, स्वच्छ.

निरोगी फुफ्फुस या मशीनला दिसत नाही. आजारी पडलं की दिसतं.

हे मला अजूनही चमत्कारिक वाटतं. माझ्या सरांच्या पिढीला मशीन लागत नव्हतं. सर डावं मधलं बोट छातीवर सपाट ठेवत, उजव्यानं ठोकत आणि कुठे पाणी आहे तिथे पेनानं रेघ मारून दाखवत. ठोकून बघायची ही रीत १७६१ साली ऑएनब्रुगर नावाच्या डॉक्टरनं मांडली. त्याच्या वडिलांची खानावळ होती, आणि दारूचं पिंप कुठपर्यंत भरलंय हे ठोकून ओळखतात हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं असं सांगतात. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेकनं एका तरुणीच्या छातीला कान लावणं बरं दिसेना म्हणून कागदाची सुरळी केली, त्यातून स्टेथोस्कोप आला. मला ही गोष्ट आवडते, कारण तो संकोच मी रोज बघते. आमच्याकडची आजी स्टेथो चोळीवरून लावू देते. जेल मात्र कातडीलाच लागतं. मग चादर धरायला सिस्टर, दाराला पडदा, चोळीची गाठ सोडताना “हे काय बाई आता या वयात” हे पुटपुटणं. डिसेंबरात जेल इतकं गार असतं की न्यूमोनियाचा पेशंटही दचकून सरळ बसतो; आम्ही बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवतो. आणि पाठ बघावीच लागते. आडव्या पेशंटची नुसती पुढची छाती बघून “क्लिअर आहे” म्हणणारे तरुण डॉक्टर मला भेटतात, त्यांना मी उठवून परत पाठवते. न्यूमोनिया बऱ्याचदा मागे, खाली दडलेला असतो.

तसं या मशीनचं मी उगीच कौतुक करत नाही. आवरणाला न टेकलेला, आत खोलवरचा न्यूमोनिया ते पाहू शकत नाही. मधल्या हवेतून लहर पुढे जातच नाही. आणि पांढऱ्या उभ्या रेघा म्हणजे संसर्गच असं नाही. मागे एका दुकानदाराला दुसरीकडून “डबल न्यूमोनिया” अशी चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. दोन्ही बाजूंना बी लाइन, पण अगदी सारख्या, आवरणाची रेघ गुळगुळीत, ताप नाही. प्रोब हृदयावर नेला तर ते जेमतेम हलत होतं, म्हणून पाणी फुफ्फुसात साठलं होतं. लघवीच्या इंजेक्शननं माणूस सकाळपर्यंत सपाट झोपू शकला. डायलिसिस चुकवलेल्यांचंही असंच दिसतं. संसर्गात चित्र ठिगळठिगळ असतं: इथे रेघा, बोटभर पलीकडे स्वच्छ, मध्येच आवरण खडबडीत. हा फरक डोळ्यात बसायला वेळ लागतो, मशीन विकणारा काही म्हणो.

माझ्या डोळ्यात तो बसला २०२१च्या एप्रिल-मेमध्ये. त्या उन्हाळ्यात मराठवाड्यात माणसं एकमेकांची ख्यालीखुशाली विचारायची ती “स्कोर किती?” अशी. सीटीचा स्कोर, पंचवीसपैकी. रिक्षावाले, गुरुजी, सरपंच, सगळ्यांना तो कळत होता. सीटीपुढे रांगा, आणि ऑक्सिजनवरचा माणूस त्या टेबलापर्यंत न्यायचा म्हणजे सिलिंडर ढकलणारा एक, मास्क धरणारा एक, देवाचं नाव घेणारे बाकीचे. पीपीई किटमध्ये कानाला स्टेथो लावणं जवळजवळ अशक्य. तेव्हा मशीन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी खाटेखाटेवर न्यायचे. छातीचे बारा भाग, प्रत्येकाला शून्य ते तीन, बेरीज जास्तीत जास्त छत्तीस. एक गुरुजी होते, पालथं झोपायला तयार नसायचे. किती समजावलं तरी पाच मिनिटांत सरळ. एका रात्री मी वैतागून मशीन त्यांच्या खाटेला टेकवलं, स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि म्हटलं, “गुरुजी, ही तुमची पुढची बाजू, या आडव्या रेघा मोजा. आता ही पाठ. काय दिसतं?” ते चष्म्याशिवाय बघत राहिले. “सगळं पांढरंच की.” म्हटलं, पाठीवर वजन टाकून झोपलात तर ते तसंच राहील. मग ते पालथे झोपले. दोन दिवसांनी स्वतःच विचारायला लागले, “आज दाखवत नाही का?” ते घरी गेले. त्याच रांगेतले काही नाही गेले, आणि त्यांनाही मी स्क्रीन दाखवली होती. दाखवल्यानं माणूस वाचतो असं मी म्हणत नाही.

पण तेव्हापासून सवय लागली. स्क्रीन पेशंटकडे, आणि बोलत बोलत तपासायचं. बाहेरून आलेल्याला यात काही विशेष वाटणार नाही. आमच्याकडे आहे. या जिल्ह्यातल्या बाईच्या आठवणीतली सोनोग्राफी म्हणजे अंधारी खोली, भिंतीकडे वळवलेली स्क्रीन आणि न बोलणारा डॉक्टर. कायदाच तसा आहे: शब्दांनी, खुणांनी किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगायचं नाही. चांगल्या डॉक्टरनं हसणंसुद्धा सोडून दिलं, कुणी त्याचा अर्थ लावेल म्हणून. माझ्या गरोदरपणात माझ्या वर्गमैत्रिणीनं प्रोब ठेवण्याआधी स्क्रीन फिरवली. मी डॉक्टर, ती डॉक्टर, दोघी एका मेसमध्ये जेवलेल्या. तिनं फिरवली, आणि मी वर डोळेही मिटून घेतले. राग नाही आला. पण ती वीस मिनिटं मी कुठल्या तरी चौकीत बसल्यासारखी पडून होते. जिनं काही केलेलं नाही तिनंही डोळे मिटायचे, हे आमच्या वाट्याला आलंय, कारण ज्यांनी केलं त्यांचे उघडे होते.

तर ती फडावरची बाई. तिसऱ्या दिवशी ताप उतरला होता. मी स्क्रीन तिच्याकडे आणि सुनेकडे वळवली. पहिल्या रात्रीचं भरीव यकृतासारखं जे दिसत होतं ते कडेनं तुटायला लागलं होतं, तिथे बी लाइन उतरल्या होत्या. म्हणजे हवा परत यायला लागली होती. पुढे त्या रेघा विरळ होतात आणि आडव्या रेघा परततात. एक्स-रेवरचा डाग कित्येक आठवडे तसाच राहतो, इथे मात्र दिवसागणिक बदल कळतो. हे सगळं मी सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग कोयत्याला कधी जाऊ?” मुकादमाची उचल घेतलेली, एक माणूस कमी पडलं की जोडीचा हिशेब बिघडतो. मी म्हटलं, मावशी, यंदाचा हंगाम झाला म्हणून समजा. तिनं मान फिरवली.

सून तेव्हा पहिल्यांदा बोलली. “मॅडम, या दोघींचं बी बघता का? कोपीत धूर लई होतो. रातभर खोकतेत.” ऊसतोडीवरच्या झोपडीला कोपी म्हणतात. मी मोठीला खाटेवर बसवलं. आयसीयूत मुलांना आणू नये हे मला कळतं. त्या वेळी इतर खाटा रिकाम्या होत्या. लहान मुलांच्या छातीवर हे मशीन फार छान चालतं, अंगावर मांस नसतं आणि किरणांची भीती नाही. मोठी जेलला गुदगुल्या झाल्यागत खिदळली. धाकटी गंभीर. मोठीचं सगळं स्वच्छ, धाकटीच्या उजव्या बाजूला दोन-चार उभ्या रेघा, सर्दी छातीत उतरलेली, भरीव काही नाही. मी प्रत्येक रेघ बोटानं दाखवत होते. सून स्क्रीनवरून नजर काढत नव्हती. शेवटी तिनं विचारलं, “हे हलायलंय ते काय?” म्हटलं, तो तिचा श्वास. “चांगलं हाय का?” चांगलं आहे, म्हटलं. तिनं धाकटीच्या पाठीवरचं जेल पदरानं पुसलं आणि विचारलं, पैसे किती. पैसे नाहीत म्हटल्यावर तिला ते खरं वाटेना.

अलीकडे एका मित्रानं सहीसाठी एक निवेदन पाठवलं. हृदय आणि फुफ्फुसासाठी वापरायची पोर्टेबल मशिनं या कायद्यातून वगळा, अशी मागणी. त्याचं म्हणणं मला समजतं. खिशात मावणारे, मोबाइलला जोडायचे प्रोब आले आहेत, आणि आमचा तांड्यावरचा पेशंट वीस किलोमीटर धापा टाकत येतो. २०१२च्या नियमाप्रमाणे असं मशीन नोंदणी केलेल्या जागेतच, दाखल पेशंटसाठी वापरता येतं. गाडीत टाकून तांड्यावर नेलं तर मी गुन्हेगार. आम्हा फिजिशियन लोकांना याचा राग येतो, दुसऱ्यांनी केलेल्या पापाची वेठ आम्ही का भरायची म्हणून. मलाही येतो. पण फुफ्फुसाचा तळ बघायला मी जो वाकडा प्रोब वापरते, तो वीतभर खाली सरकवला की पोट येतं. फुफ्फुस तेवढं दिसेल आणि गर्भ दिसणार नाही असा प्रोब कुणी बनवलेला नाही. आणि ८०७ हा आकडा ज्यांनी तयार केला त्यांच्याकडेही माझ्यासारख्याच पदव्या होत्या.

मी सही केली नाही, फोन केला. त्याच नियमात दुसरी एक वाट आहे: इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात पोर्टेबल मशीन ठेवता येतं. नुसतं मशीन घेऊन हिंडता येत नाही. सोबत बाकीच्या सेवाही असाव्या लागतात. हे मला पटतं. नुसती सोनोग्राफी घेऊन दारात येणाऱ्या गाडीवर आमच्याकडच्या बायांनी विश्वास का ठेवावा? हंगामात असं पथक कारखान्यांच्या तळांवर, कोप्यांपर्यंत गेलं तर ती बाई पाचव्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी सापडली असती, आणि मुली धुरात खोकत बसल्या नसत्या. मित्र म्हणाला, बोलायला सोपं आहे, नोंदणीच्या कागदांसाठी कोण पायऱ्या झिजवणार? मी त्याला म्हटलं, अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे, तू गाडीचं बघ.